पाच मिनिटांचं पाणी

१

माझी सून मंजुश्री रोज सकाळी नळ सोडून उभी राहायची. हात धुवायचे नाहीत, भांडं भरायचं नाही. नळ सोडायचा, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं आणि पाच मिनिटं चांगलं पाणी बेसिनमधून गटारीत जाऊ द्यायचं. तेही मे महिन्यात. ज्या गावात नगरपालिकेचं पाणी आठव्या दिवशी येतं आणि बाया नळावर एकमेकींच्या झिंज्या धरतात, त्या गावात.

मी खटकचिंचोळीची लेक. आमच्या घरी तोंड धुतलेलं पाणी केळीला जायचं आणि धुण्याचं पाणी अंगणात सड्याला. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण एक तांब्या पाणी फुकट सांडल्याचं मला माहेरात आठवत नाही की सासरात आठवत नाही. आणि ही कलबुर्गीची शिकलेली डॉक्टरीण. मी एकदा विचारलं, "कामून सोडायलीस गं पाणी?"

तर घड्याळावरची नजर न काढता म्हणाली, "अव्वा, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. तुम्हाला न्हाई कळायचं ते."

तुम्हाला न्हाई कळायचं. ज्या दवाखान्यात ती उभी होती त्याच्या भिंतींवर मी चौदा दिवस स्वतः पाणी मारलंय. गवंडी जेवायला गेला की पाइप माझ्या हातात असायचा.

पुढं तिनं ते काम चंद्रम्माला लावून दिलं. चंद्रम्मा म्हणजे दवाखान्यातली आया, निर्णा गावची बाई, माझ्याच शब्दावर कामाला लागलेली. बसव जयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून चंद्रम्मा सकाळी सातला नळ सोडून उभी राहू लागली, आणि तिचे डोळे पाण्यानं भरू लागले. म्हणाली, "अव्वा, आमच्याकडं याच्यापायी दोन कोस चालावं लागतंय वो. पाप लागंल मला."

मग मी माझ्यापरीनं तोड काढली आणि विषय मिटवला. निदान मला तसं वाटलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी पहिलं लेकरू गेलं.

२

आमचा दवाखाना तालुक्याच्या गावातला, वीस खाटांचा, घराला लागूनच. खाली माझा मुलगा संगमेश मोठ्या माणसांना बघतो. वर मंजुश्री लेकरांना. वरच्या मजल्याच्या टोकाला पूर्वी अडगळीची खोली होती, तिथं तिनं काचेच्या चार पेट्या मांडल्या. दिवस पुरे न भरलेली लेकरं त्यात ठेवतात. सव्वा किलो, दीड किलो. आमच्याकडं कणकेचा गोळा याच्याहून मोठा मळतात.

पहिल्या पेटीतला मुलगा मादन हिप्परगा गावच्या महेशकुमार मास्तरांचा. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला. चांगला दूध घेत होता, एका सकाळी अंग निळं पडलं, आईचं बोट सोडलं, दुसऱ्या दिवशी संपला. पाच दिवसांनी तिसऱ्या पेटीतली मुलगी गेली. तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं.

दोघांचं रक्त तपासायला गेलं होतं. दोन्ही कागदांवर एकच जंतू आला. स्युडोमोनास. मंजुश्रीनं जेवताना संगमेशला सांगितलं, मी वाढत होते, म्हणून माझ्या कानावर पडलं.

"हा पाण्यातला जंतू. ओल्या जागी राहतो, पाइपात, नळाच्या तोंडात. तुम्ही-आम्ही पाण्याबरोबर गिळला तरी काही होत न्हाई. पण या लेकरांच्या अंगात लढायला काहीच नसतं."

"मग नळ तपास की," संगमेश म्हणाला.

"तपासला. मी स्वतः दहा वाजता बाटलीत पाणी धरून कलबुर्गीला पाठवलं. स्वच्छ आलंय. एक जंतू न्हाई."

"मग?"

"मग हात," मंजुश्री म्हणाली. "नळातून न्हाई आला तर कुणाच्या तरी ओल्या हातातून आला. शिवकन्या पहिलं लेकरू गेलं त्याच आठवड्यात लागलीय."

शिवकन्या म्हणजे नवी नर्स. लग्नाला तीन महिने झालेले. मंजुश्रीनं तिच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. शनिवारी जिल्ह्याहून चौकशीला माणसं येणार, त्यांच्या कागदावर तिचं नाव जाईल. ते गेलं की तिला कुठल्याच दवाखान्यात कुणी उभं करणार नाही.

त्या दिवशी मंगळवार होता.

खरं सांगते, मी यात पडले ती शिवकन्येच्या कणवेपोटी नाही. सून चुकली हे तिच्या तोंडावर दाखवावं, एवढ्यासाठी पडले. पेट्यांच्या खोलीत अजून दोन लेकरं होती. त्यांना कलबुर्गीला हलवायचं तर तिथल्या पेट्या भरलेल्या. म्हणजे चुकीची बाई घालवली असती तर खरं कारण त्याच खोलीत, त्या दोघांच्या उशाशी राहिलं असतं. हे मात्र मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

३

शिवकन्येला मी माझ्या स्वयंपाकघरात बोलावून पाटावर बसवलं.

"हात दाखव."

तिनं दाखवले. मनगटात हिरवा चुडा असेल आणि त्याच्याखाली मळ असेल असं मला वाटलं होतं. मनगटं मोकळी. बोटांच्या पेरांवर कातडी फुटून लाल झालेली.

"चुडा कुठाय?"

"पहिल्या दिवशीच उतरवला, अव्वा. मॅडम म्हणाल्या बांगड्यात पाणी अडकतंय. सासूनं सहा दिवस बोलणं टाकलं."

"आणि हे कशानं फुटलं?"

"धुऊन धुऊन. वर ते स्पिरिट लावावं लागतंय. भाकरी थापता येईना. सासू म्हणती नाटकं करायलीस."

"तुझी सासू मला भेटव एकदा," मी म्हटलं. "बरं, चारी लेकरांना तूच हात लावत होतीस?"

"चौघांना. दिवसातनं आठ-आठ वेळा. दुपट्टी बदलायची, वजनाचा काटा बघायचा, अंग पुसायचं. अंग पुसायला उकळलेलं पाणी, माझ्या हातानं उकळते."

"दूध?"

"आईनं काढून दिलेलं. वाटी-चमच्यानं चंद्रम्मा आक्का पाजती. वाट्या-चमचे वीस मिनिटं उकळते मी, झाकणाच्या डब्यात ठेवते. वहीत लिवलंय."

ती रडली नाही. मला तेवढ्यावरनं निम्मं कळलं. जिच्या हातून चूक झालेली असते ती पाटावर बसल्या बसल्या रडते.

तिच्या हातात जंतू असता तर चारी लेकरांना लागला असता. दोन धडधाकट होती. हे मी मनात बाजूला ठेवलं आणि टँकरवाल्याला बोलावणं धाडलं.

प्रभुलिंग टँकरवाला म्हणजे तोंडाळ माणूस. त्याचा टँकर दवाखान्याला सुरू झाला तोही त्याच आठवड्यात, नगरपालिकेचं पाणी आटल्यावर. मी म्हटलं, "काय रे, कुठल्या डबक्यातलं आणून ओतायलास?"

"डबक्यातलं?" तो पायरीवर बसला. "अव्वा, त्याच टँकरचं निम्मं पाणी तुमच्या घरच्या हौदात उतरतंय. रोज पिताव. अजून बोलणं तर कमी झालेलं दिसंना."

"माझं बोलणं थांबवायला तुझा टँकर पुरणार न्हाई. वरच्या खोलीत कुठनं जातं पाणी?"

"गच्चीवरच्या टाकीतनं. सगळ्या दवाखान्याला तीच टाकी. फक्त त्या टोकाच्या खोलीचा पाइप लांब हाय. अडगळीची खोली होती ना, नळच नव्हता. संगमेशअण्णांनी मागनं पाइप वाढवला, गच्चीवरनं उन्हातनं फिरवून नेलाय, चाळीस फूट. रात्रभर त्यात पाणी बसून ऱ्हातंय. दुपारी सोडलं तर चहाला आधण ठेवायचं काम न्हाई, सकाळीबी कोमटच येतंय."

"मग त्यात घाण धरंल की."

"धरंल. पण मॅडम शहाण्या हैत, सकाळी पाच मिनिटं ते बसलेलं पाणी सोडून देतात. मागनं येतंय ते टाकीतलं ताजं. मॅडमनीच सांगितलंय मला." तो उठला. "सगळ्या गावात पाण्याची अक्कल असलेली एकच बाई, आणि ती तुमच्या घरात नांदायलीय. नशीब काढलंव."

माझं डोकं तापलं. सून बरोबर असल्याचं टँकरवाल्याच्या तोंडून ऐकायला मी त्याला बोलावलं नव्हतं. त्या रागात त्याचं एक वाक्य माझ्या हातातून निसटलं, आणि ते परत सापडायला दोन दिवस लागले.

४

बुधवारी मी वर गेले. पायात दवाखान्याच्या चपला, डोक्याला टोपी, हात तीनदा धुतलेले. मंजुश्रीनं दारात बघितलं आणि बाजूला सरली.

दुसऱ्या पेटीत दानेश्वरीची मुलगी होती, एक किलो तीनशे. चौथ्या पेटीत एक मुलगा, आता दोन किलोला टेकलेला. त्याला आई छातीशी धरूनच पाजत होती.

दानेश्वरी भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "तुझी लेक कशी गं सुटली या फेऱ्यातनं?"

"माझ्या सासूनं सोडवली म्हणा," ती हसली. "लई सोवळ्याची बाई. घरनं चांदीची वाटी आणलेली. सकाळी घरी उकळून धडप्यात बांधून आणायच्या, स्वतः पाजायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या न्हाईत. चंद्रम्मा आक्का चिडायच्या, आम्ही काय बाटायलोय का म्हणून. काल त्या गावाकडं गेल्या, भाचीचं लग्न हाय. वाटीबी घेऊन गेल्या. चांदी दवाखान्यात ठेवायची न्हाई म्हणाल्या."

"मग आता?"

"आता दवाखान्याच्या वाटीनं. चंद्रम्मा आक्का पाजत्यात की, मायेनं."

मी चंद्रम्माकडं वळले. खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून दुधाची जागा केलेली. लहान टेबल, त्यावर वाट्यांचा डबा, शेजारी तिवईवर झाकण घातलेली स्टीलची घागर, तिच्यावर धुतलेलं पांढरं फडकं. चंद्रम्मानं तो कोपरा देवघरासारखा ठेवला होता.

"काय करतीस ते सांगू नको," मी म्हटलं. "करून दाखव. सांगताना माणूस वहीतलं सांगतंय."

तिनं हात धुतले. डबा उघडला. वाटी काढली, चमचा काढला, खळबळून घेतले, निथळू दिले. आईनं दिलेलं दूध बाटलीतून वाटीत ओतलं. मांडीवर लेकरू घेतलं, चमच्याचं टोक ओठाला लावून थेंब थेंब सोडलं. एवढी जाडजूड बाई, पण हात फुलासारखा. लेकरानं घोट घेतला की ती स्वतः पण घोट गिळायची.

मी बारकाईनं बघितलं आणि मला कुठंच चूक दिसली नाही. मी असते तर हेच केलं असतं, अगदी असंच.

संध्याकाळी मंजुश्रीनं ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "मग अव्वा, काय सापडलं?"

"तुझी नर्स न्हाई एवढं सापडलं."

"मग कोण?"

मी तिला भाजी वाढली. उत्तर असतं तर भाजी वाढली नसती.

५

गुरुवारी सकाळी दवाखान्यातून आरडाओरड नाही, रडणं नाही, नुसती पावलं ऐकू आली. जिन्यावरून वर धावणारी.

दानेश्वरीची मुलगी दूध घेईना. अंग थंड, ओठाभोवती राखेचा रंग.

मी वर पोचले तेव्हा मंजुश्री पेटीवर वाकलेली होती. तिचा आवाज सरळ होता. "कागदाची वाट बघायची न्हाई," ती शिवकन्येला म्हणाली. "त्या दोघांना उशीर झाला. तेच औषध आत्ता सुरू कर."

दानेश्वरीनं माझा पदर धरला. "अव्वा, परवापर्यंत चांगली होती वो. परवापर्यंत."

परवापर्यंत.

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मोजायला लागले. मला लिहून मोजता येत नाही, बोटांच्या पेरांवर मोजते. पहिली पेटी, दवाखान्याची वाटी, गेला. तिसरी पेटी, दवाखान्याची वाटी, गेली. चौथी पेटी, आईच्या छातीशी, धडधाकट. दुसरी पेटी, घरची वाटी होती तोवर धडधाकट. सासू मंगळवारी वाटी घेऊन गेली, गुरुवारी लेकरू निळं.

हवा चौघांना तीच. शिवकन्येचे हात चौघांना तेच. नळ तोच, टँकर तोच. फरक फक्त वाटीचा.

मी मंजुश्रीला दारात गाठलं. "वाटी," मी म्हटलं. "वाटीत हाय ते."

तिनं डोळे मिटले. "अव्वा, वाट्या वीस मिनिटं उकळतात. उकळलेल्या वाटीत तो जंतू जगत न्हाई. मी डब्यातली वाटी पण तपासायला पाठवली होती. स्वच्छ आली."

"आणि दूध?"

"आयांचं दूध तपासलं. स्वच्छ."

नळ स्वच्छ. वाटी स्वच्छ. दूध स्वच्छ. आणि तीन लेकरं विषानं काळवंडलेली.

"चंद्रम्माला उद्यापासून येऊ नको म्हणते," मंजुश्री हळू म्हणाली. "शिवकन्या न्हाई तर तीच उरली."

६

महेशकुमार मास्तर त्याच दुपारी माझ्या घरी आले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. बायको माहेरी पाठवून दिली म्हणाले, घरात पाळणा टांगून ठेवलेला, तो तिला बघवेना.

"शनिवारी मोठी माणसं येणार, कागद रंगवून जाणार," ते म्हणाले. "मला कागद नको. कशानं गेला एवढं सांगा. नऊ वर्षं वाट बघितली अव्वा, अकरा दिवस बघितला. कशानं गेला हे पण कळू नये का बापाला?"

"बसा मास्तर. पाणी घ्या आधी."

मी मांडणीवरचा तांब्या उचलला. घासून, उन्हात वाळवून पालथा घातलेला, आरशासारखा. माठातलं वाटीभर पाणी त्यात घेतलं, खळबळलं, मोरीत ओतलं आणि मग भरायला लागले.

"स्वच्छच होता की," मास्तर म्हणाले. बोलायचं म्हणून बोलले, नजर जमिनीकडे. "परत कामून धुयायलाव?"

माझा हात माठावरच राहिला.

कामून? कामून म्हणजे काय, असंच करतात. भांडं कितीही घासलेलं असो, पाणी ओतायच्या आधी, दूध ओतायच्या आधी एकदा खळबळून घेतात. माझ्या आईनं केलं, तिच्या आईनं केलं. आम्ही ते काम म्हणून मोजतच नाही. शिवकन्येच्या वहीत ते नव्हतं. चंद्रम्मानं माझ्या डोळ्यांसमोर केलं आणि मला दिसलं नाही, कारण ते माझ्याही हातात आहे.

उकळलेली वाटी डब्यातून निघाली तेव्हा स्वच्छ होती. मंजुश्रीनं तपासली ती डब्यातली. दूध बाटलीत होतं तेव्हा स्वच्छ होतं. त्या दोघांच्या मध्ये एक खळबळणं होतं.

आणि खळबळलं कुठल्या पाण्यानं? नळ तर चंद्रम्मानं खळबळताना सोडलाच नव्हता. हात धुऊन झाल्यावर ती नळाकडे परत गेली नव्हती.

तेव्हा प्रभुलिंगचं निसटलेलं वाक्य परत आलं. रात्रभर बसलेलं पाणी मॅडम सोडून देतात, मागनं येतंय ते ताजं. मंजुश्रीनं नळ तपासला दहा वाजता. ताजं पाणी तपासलं. बसलेलं पाणी सात वाजताच गेलेलं.

पण ते गेलं नव्हतं. ते कुठं होतं हे या जगात दोघींनाच माहीत होतं, एक चंद्रम्मा आणि दुसरी मी.

मी तांब्या खाली ठेवला. "मास्तर," मी म्हटलं, "माझ्याबरोबर चला. कशानं गेला ते तुम्हाला दाखवते. ते बघितल्यावर मला जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन."

७

खोलीत मंजुश्री होती, संगमेश होता, शिवकन्या पेटीजवळ. मास्तर दाराशी थांबले. चंद्रम्मा पडद्याजवळ उभी, तिला उद्यापासून येऊ नको असं सांगून झालेलं होतं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

मी पडदा सारला. "चंद्रम्मा, या घागरीत कुठलं पाणी?"

"सकाळचं, अव्वा. सात वाजताचं." तिला यात विचारण्यासारखं काय ते कळेना. "तुम्हीच सांगितलावं ना. नळ सोड, पण फेकू नको, घागरीत धर. रोज धरते. थेंब सांडत न्हाई."

मंजुश्री वळली.

"मी फरशी पुसायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"फरशी?" चंद्रम्मानं घागरीला हात लावला. "अव्वा, फरशीला तर बादली हाय. तुम्ही घरनं नवी घागर पाठवली. घागरीतल्या पाण्यानं कुणी फरशी पुसतंय का? मला वाटलं वाट्या खळबळायला तुम्ही देवाच्या पाण्यावानी दिलीय. म्हणून झाकून ठेवते. फडकं रोज धुते."

बरोबरच होतं तिचं. बादलीतलं पाणी पायाचं, घागरीतलं पाणी तोंडाचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही, मलाही लागलं नव्हतं. मी त्या दिवशी घाईत होते, घरात मोकळी बादली नव्हती, मांडणीवर वास्तुशांतीला आलेली घागर होती. ती दिली. पाणी तेच होतं, फक्त भांडं घागरीचं होतं.

"रिकामी कधी करतीस?"

"घागर रिकामी ठेवू नये म्हणता ना तुम्ही. थोडं ऱ्हातंय तळाला, त्यावरच भरते."

मी बाही वर केली आणि हात आत घातला. पाणी कोमट. बोटं कडेवरून फिरवली. स्टील कसं लागतं मला ठाऊक आहे, चाळीस वर्षं घासतेय. हे स्टील नव्हतं लागत. ओल्या जिभेसारखं लागत होतं. मी हात बाहेर काढला आणि मास्तरांसमोर धरला. बोटांवर बुळबुळीत पापुद्रा होता, नखाएवढा, हिरवट.

"याच्यानं गेला," मी म्हटलं.

मास्तरांनी माझ्या बोटांकडे बघितलं. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि तळहातानं फरशी चाचपत राहिले, काही सांडलेलं गोळा करावं तसं.

मंजुश्रीनं बाटलीत घागरीतलं पाणी धरलं, चिठ्ठी लावली. तिला कागदाची गरज नव्हती, तरी लावली. शनिवारी सकाळी कलबुर्गीहून फोन आला. तोच जंतू, तीच जात, मोजता येणार नाही इतका. उन्हात तापलेल्या पाइपात तो रात्री वाढायचा, आणि आम्ही त्याला गटारीत जाऊ न देता सावलीत, झाकणाखाली, फडक्याखाली दिवसभर वाढवत होतो. दानेश्वरीच्या मुलीनं त्या सकाळी दोन चमचे दूध घेतलं होतं. आजीची चांदीची वाटी परत आली होती. जगेल म्हणून अजून कुणी म्हणत नव्हतं.

चौकशीची माणसं अकराला यायची होती. दहा वाजता मंजुश्री टेबलावर कागद घेऊन बसली. संगमेश तिच्या मागे उभा. तो म्हणाला, "भांड्यातलं साठवलेलं पाणी, एवढंच लिही. कुणी ठेवलं ते कामून लिहायचं? लिहायचंच तर चंद्रम्मा..."

"संगमेश," मी म्हटलं, "तू खाली जा. तुझे पेशंट बसलेत."

तो गेला. चंद्रम्मा दारात पदराचं टोक पिळत उभी, शिवकन्या तिचा दंड धरून. मंजुश्रीनं पेन खाली ठेवलं.

"मी रोज ती घागर बघायचे, अव्वा," ती म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही घरनं उकळून पाणी पाठवताव. विचारलं न्हाई. तुमची घागर, तुम्हाला कोण विचारणार."

मी तिच्यासमोरची खुर्ची ओढली. त्या दवाखान्यात मी कधी पेशंटच्या खुर्चीत बसले नव्हते. बसले.

"मंजुश्री, ऐक, आणि मध्ये बोलू नको. तू नळ सोडत होतीस ते बरोबर होतं. गावात पाण्याची अक्कल असलेली तू एकटी, हे टँकरवाल्याला कळलं, मला कळलं न्हाई. तुझा गुन्हा एकच. मी कामून म्हणून विचारलं तेव्हा, त्या पाण्यात लेकरं मारायचा जंतू हाय, एवढी सहा शब्दं तू बोलली न्हाईस. सासू अडाणी हाय म्हणून गिळलीस. ते तुझ्याजवळ ठेव, तुला जन्मभर पुरंल. पण घागर माझी. फेकू नको हा शब्द माझा. दोन लेकरं माझ्या काटकसरीनं मेली, तुझ्या नळानं न्हाई, हिच्या हातानं न्हाई आणि तिच्यापण न्हाई. शिवकन्येचं नाव खोड. चंद्रम्माचं लिहू नको, तिला कामावर घे. तिथं माझं नाव घाल, सावित्रम्मा लिही, नवऱ्याचं नाव लावून पुरं लिही, खाली मी सही करते, मला तेवढी येती. आणि उद्या सकाळी सातला नळ सोडलास की मला हाक मार. मी तुझ्या शेजारी उभी राहून ते पाणी जाताना बघणार हाय. पाचच्या पाच मिनिटं, रोज, एक थेंब न धरता."